दाढदुखीची देवी

डब्लिन, ओहायो
९ मार्च २००४

आज बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडले, तेही गाडीचं ऑइल बदलायचं होतं म्हणून. गॅरेजवाला म्हणाला, दोन तास लागतील. बाहेर बर्फाचा काळा चिखल झालेला. शेजारी नन्सचं कॉलेज आहे. त्याच्या आवारात एक बुटकी विटांची इमारत दिसली, वर म्युझियम अशी पाटी. काचेवर आतून वाफ धरली होती, म्हणजे आत हीटर चालू. मी कलेसाठी नव्हे, उबेसाठी शिरले.

आत सत्तरीची एक बाई जमिनीवर पालथी पडून काचेच्या कपाटाखाली हात घालत होती. माझी चाहूल लागल्यावर मान न वळवता म्हणाली, "तुझे डोळे तरुण असतील तर जरा बघ." मी कोट काढला आणि तिच्या शेजारी पालथी पडले. स्क्रू सापडला. ही सिस्टर डोलोरेस. म्युझियमची प्रमुख तीच, पत्रं लिहिणारी तीच आणि स्क्रू पाडणारीही तीच.

उन्हाळ्यात तिथे प्रदर्शन आहे: पाचशे वर्षांपूर्वी युरोपातली माणसं भक्तीसाठी अंगावर घालत ते दागिने. त्यातलं एक सोन्याचं पदक तिनं मला दाखवलं. मीनाकाम केलेला पेलिकन पक्षी स्वतःच्या छातीला चोच मारतोय आणि खाली पिल्लं रक्त पीत आहेत. हा म्हणजे ख्रिस्त, असं ती म्हणाली. मी सांगलीच्या कॉलेजात सहा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय, मला राहवलं नाही. म्हटलं, पेलिकन असं काही करत नाही, तो पिशवीतला मासा पिल्लांना भरवतो.

"पक्ष्याला विचारून दागिने घडवत नाहीत," ती म्हणाली. मग विचारलं, "गुरुवारी काय करतेस?"

मला विचार करावा लागला. गुरुवारी मी काहीच करत नाही. शुक्रवारीही नाही. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. फुकट काम करता येतं.

१० मार्च

शैलेंद्रला सांगितलं, म्युझियममध्ये जाऊ का. त्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "जा ना. नक्की जा. उद्यापासूनच जा." एवढी घाई बघून मला संशय आला. आपली टीम पाकिस्तानात गेली आहे. मी घरात नसले की हा सुट्टी टाकून मॅच बघणार.

१८ मार्च

सिस्टर मला गाइड बनवणार म्हणते. आधी संत पाठ करायचे. पदकांवर इवले इवले संत कोरलेले असतात, चेहरे सगळ्यांचे सारखेच, ओळखायचे ते हातातल्या वस्तूवरून. कॅथरीनच्या हातात चाक, कारण तिला चाकावर मारणार होते. लॉरेन्सच्या हातात जाळी, कारण त्याला जाळीवर भाजलं. लूसीच्या हातात ताटली आणि ताटलीत तिचेच डोळे.

घरी येताना गाडीत सुचलं: आपले देव ज्यानं मारतात ते हातात धरतात, यांचे संत ज्यानं मेले ते धरतात. सिस्टरला फोन करून सांगितलं. तिनं ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "हे मी बिशपना सांगेन, पण माझं म्हणून."

शिवाय, इटलीत लहान मुलांच्या गळ्यात पोवळं बांधत, दृष्ट लागू नये म्हणून. जुन्या चित्रांत बाळ येशूच्या गळ्यातसुद्धा पोवळं आहे. देवालाही दृष्ट लागते हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

२७ मार्च

मंडळाचा पाडवा, शाळेच्या कॅफेटेरियात. म्युझियमच्या दुकानात विकतात ती एका पदकाची नक्कल सिस्टरनं मला अभ्यासाला दिली आहे. पुढून येशूच्या नावाची तीन अक्षरं, मागून त्याच्या मरणाच्या खुणा: खिळे, हातोडा, शिडी, पक्कड आणि कोंबडा. सकाळी कपड्यांच्या घड्या घालताना गळ्यात अडकवून पाठ करत होते, ते तसंच राहिलं. वर पैठणी.

पंगतीत सुलेखाताईंनी विचारलं, "हे काय नवीन गळ्यात?" सुलेखाताई म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. 'नक्कल आहे, शिकतेय' एवढं म्हणायला हवं होतं. पण माझी सवय अशी की कुणी प्रश्न विचारला की मला पंचेचाळीस मिनिटं लागतात. मी खिळ्यांपासून सुरुवात केली. श्रीखंड येईपर्यंत शिडीवर पोचले. कोंबडा का, हे सांगायला लागले तेव्हा अख्ख्या टेबलावर फक्त माझाच आवाज होता.

घरी येताना शैलेंद्र इतका हसला की एक्झिट चुकला. तो असा कधीपासून हसला नव्हता, मला आठवेना. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

संध्याकाळी मंडळातल्या दीपाचा फोन. "मृणाल, तुम्ही चर्चला जायला लागलात म्हणे. पार्किंग बरं आहे का तिथे?"

३० मार्च

शैलेंद्र म्हणाला, "आईचं तिकीट कन्फर्म झालं. सहा मेला येतेय."

"एवढ्यात? आणि व्हिसा?"

"तो झालाय," असं म्हणून तो कचरा टाकायला बाहेर गेला. कचऱ्याचा वार उद्याचा आहे.

म्हणजे सुलेखाताईंनी सांगलीला कळवलं. त्यांची ओळख मुंबईच्या कॉन्सुलेटपर्यंत असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

८ मे

आई आल्या. माझ्या सासूबाई सुमित्राबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या रागावत नाहीत, नुसत्या बघतात. आल्या आल्या घरभर फिरून बघितलं. पडदे बघितले. फ्रिज उघडून बघितला. मग म्हणाल्या, "दिवसा पडदे उघडत नाहीस का?" चर्चची पुस्तकं शोधत असाव्यात. मी भाषण तयार ठेवलं आहे: मी कुणीही झालेले नाही, मी फक्त गाइड होतेय.

अजून विषय काढलेला नाही. हे जास्त वाईट.

१३ मे

नाश्त्याला म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर." तपासणीच. मी वाटेत भाषणाची उजळणी केली. म्युझियममध्ये सिस्टरनं दोन्ही हात पुढे केले, आईंनी नमस्कार केला, मग सिस्टरनं नमस्कार केला आणि आईंनी हात पुढे केले. आई सगळी कपाटं शिस्तीत बघत गेल्या. पेलिकनपाशी म्हणाल्या, "बिचारा." मग चौथ्या कपाटापाशी थांबल्या.

तिथे चांदीचं एक छोटं पदक आहे, जर्मनीतलं. सेंट अपोलोनिया. हातात भली मोठी पक्कड आणि पकडीत दाढ. अलेक्झांड्रियातल्या जमावानं तिचे दात पाडले आणि मग ती आगीत गेली. त्यामुळे ज्याची दाढ दुखे तो हिच्याकडे. चित्रांत तरुण दाखवतात, पण सिस्टर म्हणते, जुन्या पत्रात ती वयस्कर होती असंच लिहिलंय.

आईंनी विचारलं, "ही म्हातारी होती?"

"हो."

"मग बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी बाकीच्या कपाटांच्या काचा पुसल्या तरी तिथेच.

२० मे

आई आता दर खेपेला येतात. थेट चौथ्या कपाटापाशी जातात आणि उभ्या राहतात. तिथून मी सगळीकडे फिरताना त्यांना दिसते. पहारा ठेवायला जागा चांगली शोधली आहे.

घरी त्यांचा निषेध चालू आहे. स्वतः सांगलीहून चकल्या आणल्या, पण एकीलाही हात लावत नाहीत. मऊ भात आणि ताक, बस. बोलणंही अगदी कमी. हात गालाला लावून खिडकीपाशी बसतात, माझ्या काळजीत. सगळ्या घराला लवंगेचा वास येतोय, कसला तरी काढा करत असाव्यात.

शैलेंद्रला म्हटलं, "तू तरी त्यांना सांग, मी बाटलेली नाही."

तो म्हणाला, "आईला असं कुठे वाटतंय?"

नवऱ्यांना स्वतःच्या आया कधी कळत नाहीत.

२ जून

शनिवारी माझा पहिला मोठा ग्रुप: निवृत्त डेंटिस्टांची संघटना, बस भरून. अपोलोनिया ही डेंटिस्टांचीही संत, म्हणून चौथं कपाट त्यांच्याच देणगीतून झालंय. सिस्टर म्हणाली, हे नीट पार पडलं तर दर शनिवार तुझा. मला तो शनिवार किती हवाय हे लिहायलाही भीती वाटते. गाडीत, आंघोळीत, भाजी चिरताना मी संत म्हणतेय. काल भेंडी परतताना लॉरेन्स आला आणि भेंडी करपली.

५ जून

सगळं जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी आईंनी पदर गालावरून घेतला होता. म्हटलं, एसी लागत असेल. ग्रुप वेळेवर आला. पांढरे केस, खाकी पँटी, छातीवर नावाच्या चिठ्ठ्या. सगळ्यांत उंच आणि वयानं मोठे डॉक्टर यॉडर. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मी मेनोनाइट पंथाचा. आमच्यात संतांचं काही नसतं. बसमध्ये जागा होती म्हणून आलो." मी म्हटलं, माझ्यातही नसतं, मी हिंदू. त्यांना ते पटलं.

सुरुवात छान झाली. हसायच्या जागी हसले. चौथ्या कपाटापाशी मी अपोलोनियाची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, पकडीतली दाढ बघा, तिच्या चेहऱ्याएवढी आहे.

"वरची दाढ आहे," एक जण म्हणाला. "तीन मुळं."

"दोन. खालची आहे."

"तिसरं मूळ मागे असणार."

चष्मे बदलले गेले. मी थांबले. एवढ्यात मागून आईंचा आवाज आला, जरा बोबडा.

"मृणाल, ह्यांना विचार, हिला काय चालतं?"

"काय चालतं म्हणजे?"

"नारळ, साखर, ओटी. काय वाहतात हिला?"

सगळे वळले. सिस्टरनं विचारलं, काय म्हणतात त्या? जमीन दुभंगावी असं मला वाटलं, पण इंग्रजीत ते होत नाही. मी भाषांतर केलं. सिस्टर हसली नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "त्या काळात मेणबत्ती लावत. आणि बरं वाटलं तर दुखलेला अवयव मेणाचा करून वाहत."

हे मी आईंना सांगितलं. देवळात गुरवानं पूजेची वेळ सांगावी तसं त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मेण कुठे मिळेल इथे?"

तेव्हा त्यांचा पदर सरकला. डावा गाल लिंबाएवढा सुजला होता.

लवंग, ताक, मऊ भात, गालावरचा हात, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. डॉक्टर यॉडर माझ्या आधी पुढे झाले होते. "विचार त्यांना, कधीपासून."

"आल्यापासूनच असेल," आई म्हणाल्या. "विमानात ठणकायला लागली."

"आई, सांगितलं का नाहीत?"

"तुझं परीक्षेचं चाललं होतं. आणि माझ्या विम्यात दात बसत नाहीत, मी कागद वाचलाय."

डॉक्टर यॉडरनी किल्ल्यांच्या जुडग्यातून बारका टॉर्च काढला. दुसऱ्या कुणी तरी लॉबीतून कॉफी ढवळायची लाकडी पट्टी आणली. आईंना बाकावर बसवलं, बरोब्बर अपोलोनियाच्या समोर. मी म्हटलं, "आई, आ करा म्हणतात."

सगळी संघटना वाकली. पाठीमागच्यांना दिसेना म्हणून ते पुढच्यांना विचारू लागले. कुणी म्हणालं मुळाशी पू आहे, कुणी म्हणालं शेजारची पण बघा. सिस्टर डोलोरेस कडेनं फिरत सगळ्यांना विनवत होती, कृपा करून काचेला टेकू नका. एक डॉक्टर नुसतेच डोळे मिटून उभे होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला लवंगेचा वास खूप दिवसांनी आला." आमच्या गार्डनं रेडिओवर कुणाला तरी काही तरी विचारलं आणि उत्तर न ऐकताच बंद केला.

निकाल एकमतानं लागला: आज काढायची, उद्या नाही. डॉक्टर यॉडरची मुलगी जवळच प्रॅक्टिस करते. त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "क्लिनिक बंद करू नकोस, मी एक बाई आणतोय." तिनं बहुधा पैशांचं किंवा कागदांचं विचारलं असावं. "एस्थर," ते म्हणाले, "मी तुला विचारतोय का?"

संघटनेची बस मिळाली ती अशी आम्हाला. सगळे आले. पेलिकन सांगायचा राहूनच गेला.

बसमध्ये आई गाल धरून शांत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "मी तिच्याकडे एकच मागितलं होतं. एक चांगला डॉक्टर दाखव. तिनं बस भरून पाठवले."

पुढच्या सीटवरून डॉक्टर यॉडरनी विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मी फक्त जागा होती म्हणून आलो," पण सकाळच्याइतकं ठामपणे नाही.

६ जून

दाढ निघाली. सूज उतरतेय. शैलेंद्र आईंना फार बोलला आणि मग त्यांच्या पायाशी बसून राहिला. मला कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. महिनाभर समोर बसलेलं माणूस दुखण्यात होतं आणि मी त्याला पहारेकरी समजत होते. प्राणिशास्त्राची लेक्चरर, आणि लक्षणं समोर असून निदान चुकलं. हे आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "तू संत पाठ करत होतीस. मीही कुठे दाखवत होते."

१० जून

आज आईंनी पहिली चकली खाल्ली, उजव्या बाजूनं. मी धीर करून विचारून टाकलं.

"आई, सुलेखाताईंनी तुम्हाला कळवलं ना, मी क्रॉस घालते म्हणून?"

"कोण सुलेखा?"

"मग एकाएकी कशा आलात?"

"एकाएकी कुठे? शैलेंद्रचा जानेवारीत फोन आला. म्हणाला, घरात रेडिओ बंद पडल्यासारखं झालंय. मी दुसऱ्याच दिवशी पासपोर्टचे कागद बाहेर काढले."

आमच्याकडे रेडिओ नाहीच. आणि जानेवारीत मी म्युझियमचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. आईंचा महिन्यांचा घोळ होतो हल्ली. मी त्यांना अजून एक चकली दिली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता किती बोलतेस तू." तक्रार होती की काय, कळलं नाही.

१३ जून

नवस फेडला. मेण म्हणून घरात वाढदिवसाच्या मेणबत्त्या होत्या, त्यामुळे दाढ गुलाबी झाली. आईंनी ती दुपारभर वळली. मुळं दोन की तीन, यासाठी डॉक्टर यॉडरना फोन केला. त्यांनी दोन सांगितली आणि मग स्वतःच विचारलं, ती कधी वाहणार आहात? म्युझियममध्ये ते आमच्या आधी येऊन उभे होते, हातात टोपी.

सिस्टरनं पांढरे हातमोजे घालून दाढ घेतली, मापं लिहिली आणि कपाटात खालच्या फळीवर ठेवली. शेजारी कार्ड: मेण, ओहायो, २००४, सुमित्राबाईंकडून. आईंनी वाचून बघितलं आणि म्हणाल्या, "'साभार' लिहायला सांग." लिहिलं.

सिस्टर मला म्हणाली, शनिवार तुझा. मी म्हटलं, पण माझा ग्रुप तर अर्ध्यावर निघून गेला. "खरंय," ती म्हणाली. "पण त्यातले आठ जण परत येतायत. माझ्याकडे कधीच कुणी परत येत नाही."

२६ जून

मंडळाच्या बायकांचा ग्रुप. मला वाटलं, दाढेची गोष्ट दीपानं पसरवली, पण ती आईंनीच पसरवली होती. महिला मंडळाच्या भिशीत जाऊन त्यांनी ती स्वतः सांगितली, बसच्या आकारासकट. मी पहिल्यांदाच सगळं मराठीत बोलले. मीनाकाम, पोवळं, साखळी, फासा, शब्द आपोआप येत होते. पेलिकनही पूर्ण सांगितला, मासा भरवतो ते सोडून.

सुलेखाताई सगळ्यांच्या मागून चालत होत्या, पर्स घट्ट धरून, कसलाही प्रश्न न विचारता. शेवटच्या कपाटापाशी बाकीच्या पुढे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गुडघ्यांचं कोण बघतं ग?"

मी सगळे संत मनात म्हणून बघितले. गुडघ्याचा कुणी सापडेना. म्हटलं, "हा रोक आहे, प्लेगवाल्यांचा. बघा, झगा वर करून मांडीवरची जखम दाखवतोय. पण गुडघा त्याच्याकडे येत नाही."

आई शेजारीच होत्या. "मांडीपासून गुडघा किती लांब असतो?" त्या सुलेखाताईंना म्हणाल्या. "विचारून तर बघा."

सुलेखाताईंनी इकडेतिकडे बघितलं. मग एका हातानं भिंत धरून, कण्हत कण्हत, त्यांनी चपला काढल्या आणि कपाटासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मागे वळून बघणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि त्यांनीही चपला काढल्या. दारात सिस्टर डोलोरेस होती. तिनं सगळ्यांच्या पायांकडे बघितलं आणि वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

गार्डनं मला बाजूला घेऊन विचारलं, फरशी ओली आहे का. मी म्हटलं, नाही. तरी त्यानं जाऊन 'ओली फरशी'ची पिवळी पाटी आणून ठेवली.